सिक्युअर बूटला हात लावण्याआधी

संगणकाचे बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्सच्या आधी मदरबोर्डवरचे युईएफआय हे फर्मवेअर कामाला लागते. सिक्युअर बूट ही त्याच फर्मवेअरमधली तपासणी. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या बूटलोडरवर ओळखीच्या किल्लीची डिजिटल सही असली तरच तो चालू होऊ दिला जातो. ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी शिरकाव करणारे बूटकिट रोखणे हा तिचा हेतू.

हेतूबद्दल कुणाची तक्रार नव्हती. वाद किल्ल्या कुणाच्या ताब्यात, यावरून पेटला. विंडोज ८ चे प्रमाणपत्र हवे असलेल्या संगणकांवर सिक्युअर बूट चालू हवे, अशी मायक्रोसॉफ्टची अट असल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे लिनक्स चालवणे अवघड होईल, असा इशारा रेड हॅटमधले मॅथ्यू गॅरेट यांनी तेव्हाच दिला. इंटेल व एएमडी प्रोसेसरच्या संगणकांवर ते बंद करण्याची मुभा सक्तीची ठरली, पण विंडोज आरटीच्या टॅब्लेटवर ती नव्हतीच. २०१५ मध्ये विंडोज १० आले आणि ही मुभा द्यायची की नाही, हे उत्पादकांच्या मर्जीवर गेले.

लिनक्सने यावर तोडगा काढला तो शिम या छोट्या बूटलोडरचा. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि पुढची तपासणी तो स्वतः करतो. त्यामुळे उबुंटू, फेडोरा किंवा डेबियन टाकण्यासाठी सिक्युअर बूट सहसा बंद करावेच लागत नाही. आर्च लिनक्सच्या अधिकृत इन्स्टॉलरसाठी मात्र करावे लागते.

बंद करण्याची घाई अंगाशी येते ती बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनमुळे. विंडोजच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिस्क एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा हाती लागत नाही. म्हणून आधी खात्यात जाऊन ती कागदावर उतरवावी, बॅकअप घ्यावा, मगच फर्मवेअर उघडावे.

सिक्युअर बूट चालू ठेवले तर दुसरी अडचण एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची, कारण त्यालाही ओळखीची सही लागते. उबुंटूत तो टाकताना अनेकदा एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. रीस्टार्टनंतर एमओके (मशीन ओनर की, म्हणजे मालकाची स्वतःची किल्ली) व्यवस्थापनाचा पडदा काही सेकंदच थांबतो. तेवढ्यात कोणतेही बटण दाबून ‘एनरोल एमओके’ निवडावे आणि तोच पासवर्ड द्यावा. हे हुकले तर लिनक्स सुरू होते, पण ड्रायव्हर लोड होत नाही.

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर शेजारी ठेवणाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ ची आठवण ठेवावी. विंडोजच्या एका अपडेटने जुन्या बूटलोडरांवर बंदी घातली आणि अनेकांचे लिनक्स सुरू होईना. लिनक्सचे शिम आणि त्यानंतर चालणारा ग्रब हा बूटलोडर अद्ययावत ठेवणे, हीच त्यावरची खबरदारी.

नवा लॅपटॉप घेताना फर्मवेअरमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात: सिक्युअर बूट बंद करण्याची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्राला परवानगी देणारा पर्याय. ‘सिक्युअर्ड-कोअर’ प्रकारच्या काही लॅपटॉपवर हा पर्याय मुळातच बंद असतो आणि तो चालू केल्याशिवाय सही असलेले उबुंटूही सुरू होत नाही.

या सह्या ज्यांच्या आधारे तपासल्या जातात त्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. चालू संगणक त्यामुळे बंद पडत नाहीत. पण पुढच्या सह्या २०२३ च्या किल्ल्यांनी होणार असल्याने जुन्या यंत्रावर नवे लिनक्स टाकण्याआधी उत्पादकाचे फर्मवेअर अपडेट करून घ्यावे.