नाव काठाला कोठे लावावी?

हाउसबोट म्हटली की श्रीनगरचे दल सरोवर आठवते. तेथील हाउसबोटी बहुधा एकाच जागी बांधलेल्या असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरच्या लेक पॉवेल या जलाशयात मात्र लोक हाउसबोट चालवत नेतात आणि रात्री वाळूच्या काठावर तिचे नाक टेकवून मुक्काम करतात. समजा, सपाट तळाची अशी एक नाव नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठाला लावायची आहे. जागा कशी निवडाल?

प्रथम तलावाचा आकार ध्यानात घ्या. नाग नदीचा प्रवाह अडवून १८७० साली हा तलाव बांधला गेला. बांध पूर्वेला, शहराच्या बाजूस आहे. कोणत्याही धरणात बांधाजवळ पाणी सर्वांत खोल असते. उलट, जेथे ओढे येऊन मिळतात तेथे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि काठ उथळ व चिखलाचा होतो. म्हणून जागा शोधायची ती या दोन टोकांच्या मधल्या काठावर.

आता उतार पाहू. नाव ४० सेंटिमीटर पाण्यात बुडते असे धरा. उतार १० मीटरला १ मीटर असेल, तर नाव काठापासून ४ मीटरवर टेकेल. ५० मीटरला १ मीटर असेल, तर २० मीटरवरच अडेल आणि तुम्हाला चिखल तुडवत यावे लागेल. उतार २ मीटरला १ मीटर असेल, तर नाक टेकेल, पण मागची बाजू खोल पाण्यावर डुलत राहील. तेव्हा मध्यम उतारच बरा.

पाण्याची पातळीही स्थिर नसते. ती ३० सेंटिमीटर उतरली, तर पहिल्या काठावर पाणी ३ मीटर मागे सरकेल, पण दुसऱ्या काठावर तब्बल १५ मीटर! उन्हाळ्यात नाव कोरड्यावर पडेल ती यामुळेच. पावसाळ्यात उलट घडते. पाणी चढते आणि टेकलेली नाव आपोआप तरंगून निघून जाते. म्हणून तिचा दोर काठावर उंच जागी, पक्क्या खुंटाला बांधावा.

जमिनीचेही पाहा. काळी माती भिजली की फुगते आणि पाय धरून ठेवते; मुरमाचा काठ टणक राहतो. वारा विसरू नका. लाटांची उंची वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतो आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर येतो, यांवर ठरते. पश्चिमेचा वारा सुटला की पूर्व काठावर लाटा आपटतात, पश्चिम काठ मात्र शांत असतो.

नाव चुकीच्या जागी लावणे धोक्याचे असते, तसेच ती गर्दीने भरणेही. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून अनेक तरुण बुडाले. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नावेत पाय ठेवू नये.

करून पाहा : मे महिन्यात तुमच्या गावच्या तलावाचा कोरडा पडलेला काठ शिक्षकांसोबत मोजा. गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या घ्या. १० मीटर अंतरात जमीन किती उतरते? त्यावरून, पाणी ५० सेंटिमीटर चढल्यावर काठ कोठवर येईल, ते काढा आणि तेथे खूण करा. पावसाळ्यात तुमचे उत्तर तलावच तपासून देईल.