दुधनेकाठी समुद्र शिकवताना

बदनापूरला विज्ञान शिकवतो. समुद्र इथून लांब, तरी दरवर्षी एक तास समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत यांच्यासाठी ठेवलेला असतो. त्यातून कळलेलं थोडं.

१. सुरुवात अंटार्क्टिकापासून करू नये. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या तिसऱ्या मोहिमेत पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या; भारतीय मोहिमेतून तिथं पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. पण हे आधी सांगितलं की पोरं पेंग्विनवरच अडकतात. म्हणून मी नागपूर धरतो. पंतांचा जन्म तिथला, १९४३ चा. ‘‘नागपूरला कुठं समुद्र, सर?’’ इथून तास सरकतो. पुण्यात बी.एस्सी., ॲलिस्टर हार्डींचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक हाती पडणं, मग हवाई, लंडनची पीएच.डी. आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

२. घरचं झाकू नये. वडील अप्पासाहेब पंत औंधच्या राजघराण्यातले, मुत्सद्दी, आई डॉक्टर. नुसत्या जिद्दीचं कौतुक केलं तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरीला फसवल्यासारखं होतं. हवाईला त्या शिष्यवृत्तीवर गेल्या, हे मात्र ठासून सांगावं. शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेत भरून घेणं कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा वरचढ.

३. त्यांचा विषय नुसत्या डोळ्यांना न दिसणारा: समुद्रातले वनस्पती-प्लवक आणि त्यांच्यावर उभी राहणारी अन्नसाखळी. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण निम्मा समुद्रातल्या अशा जिवांचा. फळ्यावर हे पटत नाही. सोमठाण्याच्या धरणाकाठी दगडावरचा निसरडा तपकिरी थर ब्लेडनं खरवडायचा, थेंबभर पाण्यात काचपट्टीवर घ्यायचा. चारशे पट मोठं केलं की होडीच्या आकाराचे डायटम दिसतात. अंगावर सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं कवच. त्यातला एखादा स्वतःहून सरकायला लागला की सूक्ष्मदर्शकापाशी ढकलाढकली. यांचेच भाऊबंद समुद्रात तरंगतात.

४. समुद्राचं संवर्धन नकाशावर शिकवावं. आमची दुधना नदी पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. कपाशीला जास्त झालेला युरिया आणि पुलावरून फेकलेल्या पिशव्यांची वाटही तीच. ‘‘मधी धरणं हायेत की,’’ असं कुणीतरी म्हणतंच. आहेत, पण पुरात दारं उघडावी लागतात.

५. पालकसभेतला ठरलेला प्रश्न: ‘‘पोरीला जहाजावर धाडायचं का?’’ पंत पुढं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होत्या, खारं पाणी सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करत. जहाज नको असेल तर प्रयोगशाळा आहे. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घ्या नाहीतर रसायनशास्त्र, गोवा विद्यापीठात सागरविज्ञानाची एम.एस्सी. करता येते.