वांग्याची सुनावणी झाली, तांदळाचं काय?

सख्यांनो, बियाण्याच्या बाबतीत ‘जीन एडिटिंग’, म्हणजे जनुक-संपादन, हा शब्द आता कानावर येतो. बीटी आणि हे एकच, असं बऱ्याच जणींना वाटतं. शिवणकाम करणाऱ्यांना फरक पटकन कळेल. बीटी वांग्यात मातीतल्या जिवाणूचा जनुक घातला होता. म्हणजे दुसऱ्या कापडाचं ठिगळ. नव्या तांदळात त्याच कापडाची शिवण उसवून थोडी बदलली आहे.

बीटी वांगं जालन्याच्या महिको कंपनीचं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीनं त्याला मान्यता दिली. पण तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी आधी लोकांना विचारायचं ठरवलं. सात शहरांत खुल्या सुनावण्या झाल्या, त्यातली एक नागपुरात. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक मिळून सगळीकडची सुमारे आठ हजार माणसं आली. ९ फेब्रुवारी २०१० ला मंत्र्यांनी वांगं थांबवलं. (वडूजहून नागपूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. आपल्यातल्या कितीजणी पोचल्या असत्या, हा प्रश्न आहेच.)

मार्च २०२२ मध्ये केंद्रानं नियम बदलला. ज्या वाणात परका जनुक उरलेला नाही, त्याला त्या केंद्रीय समितीकडे जावं लागत नाही. संशोधन संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीनं तपासायचं. मे २०२५ मध्ये असे दोन तांदूळ जाहीर झाले, कमला आणि पुसा डीएसटी राईस १. कमला सुमारे वीस दिवस लवकर येतो, दुसरा दुष्काळ आणि खारी जमीन सोसतो, असं सरकारी शास्त्रज्ञ सांगतात.

खटाव-माणच्या बाईला दुष्काळ सोसणारं बी नको कसं असेल? म्हणून मला यात भिण्यासारखं दिसत नाही. पण वांग्यासारखं विचारणं आता राहिलं नाही, हे मला खटकतं. पेटंट कुणाचं? बी दरवर्षी विकत घ्यायचं का? २००१ च्या कायद्यानं घरचं बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा हक्क शेतकऱ्याला दिलाय, तो इथं टिकेल का? दुकानात पोत्यावर लिहिलेलं असेल का?

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तीत एक तृतीयांश महिला हव्यात. नवं वाण अडवायचा अधिकार तिला नाही. पण गावच्या वाणांची नोंदवही तिच्याकडे असते. पुढच्या ग्रामसभेत विचारा: समितीत महिला कोण, आणि वहीत आपली शाळू, मटकी लिहिली आहे का?