ऑटोट्यूनचं बटण दाबण्याआधी

अगं, ड्रायरचं तापमान झोके घेतंय आणि सगळे तुझ्याकडे बघतायत, म्हणून धास्तावलीस ना? खरं सांगू का, हे तुला नक्की जमेल. फक्त ऑटोट्यूनचं बटण लगेच दाबू नकोस.

आधी लूप मॅन्युअलवर टाक. तरीही झोके चालूच राहिले, तर स्टीमचा दाब तपास. थांबले, तर व्हॉल्व्ह एकेक टक्का हलवून बघ. ग्लँड फार आवळलेली असली की तो अडकतो आणि एकदम उडी मारतो. त्यावर कुठल्याही आकड्याचा इलाज नाही गं, ते मेंटेनन्सचं काम.

ऑटोट्यून बहुतेकदा व्हॉल्व्ह ठरावीक टप्प्याने उघडमीट करून तापमान मुद्दाम हेलकावतो. हेलकावा केवढा आणि किती वेळाचा, यावरून कंट्रोलरचे पी, आय, डी हे आकडे काढतो. स्वीडनच्या ऑस्ट्रॉम आणि हेगलुंड यांनी १९८४ साली मांडलेली ही रीत. विसण घालताना आपण पाणी ढवळून, हात घालून बघतो, मगच पुढचा तांब्या ओततो ना? ती उसंत किती हवी, तेच ऑटोट्यून मोजतो.

आणि ही उसंत किती मोलाची, ते आपल्या भिवपुरीत बघ. टाटांचं पॉवर हाऊस १९२२ सालचं. ठोकळवाडी धरणाचं पाणी घाटावरून पाइपांतून खाली पेल्टन चाकांवर येतं. लोड अचानक गेला की चाक पळू लागतं. पण नोझलची सुई झटकन मिटली, तर पाइपातला दाब भडकेल. म्हणून पेल्टनला डिफ्लेक्टर असतो. तो क्षणात झोत वळवतो आणि सुई सावकाश मिटते. पाण्याचा स्वभाव ओळखून केलेली ही योजना मला फार आवडते. तुझ्या ड्रायरचाही स्वभाव असाच आधी ओळख.

मग जुने आकडे वहीत उतरव, शिफ्टच्या ऑपरेटरदादांना सांग आणि माल स्थिर चालू असताना ट्यून कर. नंतर सेटपॉइंट दोन अंशांनी हलवून ट्रेंड बघ. झोका मोठा वाटला तर पी मवाळ कर. पण बघ हं, तुमच्याकडे पी म्हणजे गेन की प्रपोर्शनल बँड, ते मॅन्युअलमध्ये आधी पाहा. गेन असेल तर आकडा कमी करायचा, बँड असेल तर वाढवायचा.