बाळ आणि कासवं

चि. सोनू,


तुमच्या घरातल्या कासवांबद्दल मनात घोळतंय ते लिहूनच टाकते. बाळ पालथं पडायला लागलं. आता रांगेल, हाताला लागेल ते तोंडात घालेल. त्याआधी हे मार्गी लागायला हवं.

कानामागे लाल पट्टी असलेली तुमची कासवं दिसायला ठणठणीत आहेत, पण अशा कासवांच्या आतड्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही. ते विष्ठेतून पाण्यात उतरतात आणि पाण्यातून कवचाला लागतात. रोज पडतातच असं नाही, म्हणून एकदा तपासणीत काही निघालं नाही तरी निर्धास्त होऊ नकोस. अमेरिकेत अशा पिटुकल्या कासवांमुळे मुलं आजारी पडायला लागली, तेव्हा १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायलाच बंदी घातली.

‘बाळ टाकीजवळ जातच नाही,’ असं तू म्हणशील. त्यानं जायची गरजच नाही. टाकीचं पाणी बदललं, हात नुसते नळाखाली धरले आणि बाळाला उचललं, एवढं पुरतं. मला खरी काळजी तुमच्या मोरीची वाटते. टाकी तिथेच रिकामी होते आणि बाळाची अंघोळही तिथेच, त्याच बादलीनं, त्याच मगानं! कासवांची बादली, मग, घासणी आजच वेगळी करा. टाकीचं पाणी संडासात ओता. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये तर चुकूनही नको, तिथे बाळाची वाटी-चमचा धुतला जातो. हे काम जावईबापूंनीच करावं. नंतर साबणानं वीस सेकंद हात चोळून, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावं. नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नये. आणि कासवांना घरभर मोकळं सोडणं बंद.

पाच वर्षांखालचं मूल असेल त्या घरात सरपटणारे प्राणी नकोतच, असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते. माझंही मत तेच. जावईबापूंचा त्यांच्यावर जीव आहे, कॉलेजपासून सांभाळलीत, हे मला ठाऊक आहे. तरी बाळ मोठं होईपर्यंत त्यांच्या एखाद्या जाणत्या मित्राकडे द्या. तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका. ही परदेशी जात इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढून घेते.

बाळाला ताप आला, जुलाब लागले, शीत रक्त दिसलं किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर जायफळ उगाळत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. घरात कासवं आहेत हे आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही. एवढ्या लहान जिवात हे जंतू रक्तात उतरू शकतात, मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचू शकतात. अंगावरचं दूध चालूच ठेव.

मित्राशी बोलणं झालं की कळव.

तुझी,
मावशी