हाताचा कंप आणि कुळाचा वारसा

पेला उचलून ओठांपर्यंत नेताना पाणी सांडते, वहीतील अक्षर वेडेवाकडे येऊ लागते. पण हात मांडीवर स्वस्थ ठेवला की कंप बहुधा दिसेनासा होतो. हातांच्या कंपाची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा येथे विचार करावयाचा नाही. परंतु असाच कंप वडिलांना होता, आणि त्यांच्या आईलाही होता, असे घरची मंडळी सांगू लागली म्हणजे दिल्लीतील मज्जाविकारतज्ज्ञाच्या मनात एका विशिष्ट रोगाची शंका उभी राहते. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार बारावा, हे त्याचे शास्त्रीय नाव. सोयीसाठी आपण त्यास एस्. सी. ए. १२ म्हणू.

हा रोग बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान प्रकट होतो व अत्यंत संथपणे वाढतो. प्रथम हात कापतात. पुढे काही वर्षांनी चाल डळमळते, बोलणे अडखळते. शरीराचा तोल व हालचालींचा मेळ राखण्याचे काम लहान मेंदूचे असते, आणि ह्या रोगात लहान व मोठा असे दोन्ही मेंदू हळूहळू आक्रसत जातात.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ साली जर्मन वंशाच्या एका अमेरिकन कुटुंबात ह्या रोगाचे मूळ शोधून काढले. पाचव्या गुणसूत्रावरील एका जनुकात सी, ए, जी ही तीन रासायनिक अक्षरे एकापाठोपाठ पुनःपुन्हा येतात. निरोगी माणसात ही आवृत्ती साधारणतः तीसच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. रोग्यांत ती बहुधा पन्नासच्या वर गेलेली आढळते. मधल्या आकड्यांचा अर्थ लावणे तज्ज्ञांनाही जड जाते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असली तरी रोग होण्यास ती पुरते. म्हणून रोग्याच्या प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. थोरल्यास आला म्हणजे धाकटा सुटला, असा हिशेब येथे चालत नाही. प्रत्येक जन्माच्या वेळी नाणे नव्याने उडविले जाते.

जगात इतरत्र दुर्मीळ असलेला हा रोग भारतात मात्र तसा निघाला नाही. १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि दिल्लीतीलच जैवरासायनिक तंत्रज्ञान केंद्र (२००२ पासून जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्था) येथील संशोधकांनी २००१ साली पाच भारतीय कुटुंबांतील रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे आणखी कुटुंबे मिळत गेली, आणि त्यांतील बहुतेक अगरवाल समाजातील असल्याचे ध्यानात आले. हा समाज आपले मूळ परंपरेने हिस्सारजवळील अग्रोहा येथे मानतो.

ह्या कुटुंबांचा परस्परांशी ज्ञात नातेसंबंध नव्हता. मग सर्वांचा दोष एकाच पूर्वजाकडून आला, हे कसे ठरवावे? जुन्या पोथ्यांच्या नकलांचे उदाहरण घेऊ. दोन नकलांत एकच चूक आढळली तर तो योगायोग असू शकेल. परंतु त्या चुकीच्या मागच्यापुढच्या ओळींतील बारीकसारीक पाठभेदही तेच असतील, तर दोन्ही नकला एकाच प्रतीवरून उतरल्या असे संशोधक मानतो. गुणसूत्रावर सदोष जागेच्या आजूबाजूस असेच निरुपद्रवी पाठभेद असतात. निरनिराळ्या भारतीय कुटुंबांत ते सारखेच निघाले, आणि २००५ साली समान पूर्वजाचा पुरावा मांडण्यात आला. समाजातच विवाह करण्याच्या रीतीमुळे तो दोष त्याच वर्तुळात फिरत राहिला. गोत्र टाळून लग्न केले म्हणजे धोका टळतो असे कोणी समजेल, तर तेही खरे नव्हे, कारण एकच प्रत पुरेशी असते. येथे एवढे म्हटलेच पाहिजे की शतकांपूर्वीच्या एका नकलेच्या चुकीस समाजाचा कलंक मानणे हे अडाणीपणाचे होय. असे वारसे जगातील पुष्कळ समाजांत आहेत.

अक्षरे वाढल्याने मज्जापेशी नेमक्या कशा झिजतात, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा तपासता येत नाही. म्हणून दिल्लीच्या प्रयोगशाळेत रोग्यांच्या पेशींपासून मूलपेशी तयार करण्यात आल्या आहेत. अशा पेशींपासून मज्जापेशी वाढवून अभ्यास करता येतो.

रोग समूळ नाहीसा करणारे औषध आज नाही. काही औषधांनी कंप थोडा ओसरतो, व्यायामाने तोल सांभाळण्यास साहाय्य होते. बाकी सारे घरातच शिकावे लागते: पेला अर्धाच भरावा, तो जड असावा, कोपर मेजावर टेकून जेवावे. धनादेशावरील सही जुन्या सहीशी जुळेनाशी होते, हा त्रास व्यापाऱ्यास विशेष जाचतो. चाल डळमळू लागली की लोक मद्यपानाचा संशय घेतात, आणि पुष्कळ रोगी त्या भयाने लग्नसमारंभास जाणे सोडतात.

सर्वांत कठीण प्रश्न निरोगी मुलांपुढे असतो. रक्ताच्या परीक्षेने भविष्य कळू शकते. परंतु उपाय नसता ते जाणून घ्यावे काय? हंटिंग्टनच्या रोगाचे जनुक १९९३ साली सापडले, तरी धोका असलेल्या बहुसंख्य लोकांनी परीक्षा करून घेतली नाही. कोणास विवाहापूर्वी सत्य हवे असते, कोणास ते नकोसे वाटते. दोघेही शहाणेच असतात. निरोगी अल्पवयीन मुलाची ही परीक्षा करू नये, आणि प्रौढाचीही समुपदेशनाशिवाय करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. रक्त दिल्यानंतरही, निर्णय ऐकण्यास नकार देण्याचा अधिकार त्या व्यक्तीकडेच राहतो.