अकरा महिन्यांनी पुन्हा

एप्रिल 2023 मधल्या पहिल्या रविवारी सकाळी वाकडच्या आमच्या घरमालकांचा फोन आला. "महिनाअखेर करार संपतोय. बाहेर अठ्ठावीस चाललंय, तुम्ही सव्वीस द्या," ते म्हणाले. आम्ही 17,500 भरत होतो. मुलीची शाळा पायी दहा मिनिटांवर होती, आईच्या ओळखी नुकत्या कुठे जमल्या होत्या. फोन ठेवल्याबरोबर मी भाड्याच्या घरांच्या जाहिराती बघायला बसलो. त्याच आवारातले टू बीएचके फ्लॅट 28,000, 29,000, एक तर 31,000. मालक खरंच बोलतायत, असं वाटून माझं धाबं दणाणलं. पुढच्या तीन आठवड्यांत मी जे केलं, त्याची किंमत दोन वर्षांत सव्वा लाखाच्या वर गेली.

ही किंमत कशी चुकती झाली ते सांगण्याआधी 17,500 हा आकडा कुठून आला ते बघायला हवं, कारण पहिली चूक तिथेच झाली होती.

मार्च 2020 नंतर हिंजवडीची ऑफिसं घरून चालू लागली. सामान गाडीत टाकून माणसं सातारा, नांदेड, जळगावला परतली. वाकड, हिंजवडी, पिंपळे सौदागर या पट्ट्यात घरं रिकामी पडली. जुलै 2021 मध्ये आम्ही घर शोधत होतो तेव्हा मालकच एजंटला फोन करत होते. आम्हाला 16,500 ला फ्लॅट मिळाला. शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की आधीचा भाडेकरू 2019 मध्ये 21,000 देत होता. मला त्याचा आनंद झाला. खरं तर ती धोक्याची सूचना होती. साथीतलं भाडं हा बाजाराचा नेहमीचा भाव नव्हता. कंपन्यांनी लोकांना परत बोलावलं की तो वर जाणारच होता, आणि 2022 पासून तो गेलाच. स्वस्तात मिळालेलं घर किती काळ स्वस्त राहील, हे करारात लिहून घेण्याची संधी त्याच जुलैमध्ये होती. तेव्हा मालकाला भाडेकरू हवा होता. तीन वर्षांचा करार त्यांनी आनंदाने केला असता. पण सगळे करतात तसा आम्ही अकरा महिन्यांचा केला, आणि तो संपल्यावर 17,500 वर पुन्हा अकरा महिन्यांचा.

अकराच का, हे त्या वेळी मी कोणालाही विचारलं नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून देशभर अकरा महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात मात्र या रीतीला अर्थ उरलेला नाही. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 ने प्रत्येक भाडेकरार, लिव्ह अँड लायसन्स धरून, लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक केलं, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लेखी करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे नोंदणी करायचीच आहे, तर ती अकरा महिन्यांची का करायची? लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येतो, आणि मुद्रांक शुल्क सगळ्या मुदतीच्या भाड्यावर मिळून 0.25 टक्के एवढंच आहे. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ती रक्कम त्यात मिळवतात. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये.

मालकांच्या मनातली भीती जुनी आहे, आणि ती खोटी नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवलं होतं. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या काही दहा रुपयांवर माणसं राहिली आणि दुरुस्तीला पैसा न उरल्याने इमारती खचत गेल्या. हे गोठवलेपण अवास्तव झालं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं. एकदा भाडेकरू बसला की उठत नाही, हा धडा मालकांनी त्या काळात घेतला. 2017-18 च्या आर्थिक पाहणीतला आकडा बोलका आहे: भारतीय शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण 1961 मध्ये 54 टक्के होतं, 2011 मध्ये 28 टक्के उरलं. त्याच 2011 च्या जनगणनेत शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं कुलूपबंद सापडली. घरं आहेत, पण भाड्याला निघत नाहीत. मग निघतात तेवढ्यांवर उड्या पडतात.

या इतिहासातला एक तुकडा मी अर्धवट वाचला होता आणि तोच मालकांना ऐकवला. "कायद्याने वर्षाला चारच टक्के वाढवता येतात," असं मी त्या रविवारी ठासून म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "ते पागडीवाल्यांसाठी. तुमचा करार बघा." त्यांचं बरोबर होतं. वर्षाला 4 टक्के वाढीची तरतूद संरक्षित, जुन्या भाडेकरूंसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवाल्याचं भाडं करारातल्या आकड्यापुरतंच बांधलेलं असतं; मुदत संपली की त्याच्या हातात काही नसतं. उलट मुदतीनंतर जागा सोडली नाही, तर कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. अर्धवट माहितीवर आवाज चढवल्याने एकच झालं: बोलणी त्या दिवसापुरती तुटली.

ती पुन्हा जोडायला हवी होती. त्याऐवजी मी एजंटकडे गेलो. "आज टोकन नाही दिलं तर संध्याकाळपर्यंत जाईल," असं त्याने सांगितलं आणि मी पुनावळ्यातल्या एका फ्लॅटचं टोकन दिलं. भाडं 24,000, दरवर्षी 10 टक्के वाढ, डिपॉझिट एक लाख, मुदत 36 महिने आणि त्यातले 24 महिने लॉक-इन. अकरा महिन्यांनी पोळलो होतो, म्हणून लांबचा करार बघितला आणि अटी न वाचताच हायसं वाटलं. लॉक-इन फक्त माझ्यावर होतं; मालकाला दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामं करून घेता येत होतं. हे मला सही झाल्यावर पंधरा दिवसांनी कळलं.

वाकडच्या घराचं पुढे काय झालं, ते काकूंकडून समजलं. सव्वीसला कोणी आलं नाही. घर दीड महिना रिकामं राहिलं आणि शेवटी 22,000 ला गेलं. मग नोंदणीची कामं करणाऱ्या एका मित्राने मला नोंदणी विभागाची ई-सर्च सेवा उघडून दाखवली. नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, ज्याला इंडेक्स टू म्हणतात, तिथे पाहता येतो. सिनेमातल्या नटांनी अमुक लाखाला घर भाड्याने दिलं अशा बातम्या येतात, त्या अशाच नोंदणीच्या कागदांवरून. आमच्या जुन्या इमारतीत, अगदी वरच्याच मजल्यावर, त्याच एप्रिलमध्ये 22,500 चा करार झाला होता. जाहिरातीतले 28,000 आणि 31,000 हे मागितलेले आकडे होते. ते कोणी दिले नव्हते.

भाडी किती वाढली, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं. 2023 मध्ये आयटी उपनगरांतली नवी भाडी झपाट्याने चढत होती, तेव्हा ग्राहक किंमत निर्देशांकातली घरभाड्याची वाढ 5 टक्क्यांच्या आतच होती. त्या निर्देशांकात, 2012 हे आधारवर्ष धरून, शहरी खर्चातला 21.67 टक्के भार घरांना दिलेला होता. सरकारी आकडा खोटा नव्हता. त्यात वर्षानुवर्षं एकाच घरात राहणारे भाडेकरू होते, सरकारी क्वार्टर्सही होती. जाहिराती मात्र फक्त आज रिकाम्या असलेल्या घरांच्या असतात, आणि तिथे योग्य भावाची घरं दोन दिवसांत उठतात, महागडी पाटी लावून तशीच राहतात. बघणाऱ्याला उरलेल्या पाट्या दिसतात आणि तोच भाव वाटतो.

मालकांचीही बाजू होती. मे 2022 मध्ये 4 टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50 टक्क्यांवर गेला. 40 लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज 7 टक्क्यांवरून साडेनऊवर गेलं आणि बँकेने मुदत न वाढवता हप्ताच वाढवला, तर तो 31,000 वरून 37,000 च्या वर जातो. माणूस भाडं वाढवायला बघणारच. पण भाडं हप्त्यावर ठरत नाही. शेजारी तसंच घर कितीला मिळतंय, यावर ठरतं. आणि एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले 8.3 टक्के गेले. आमच्या मालकांचे दीड महिन्यात 33,000 बुडाले. हा हिशोब मी त्यांच्यासमोर मांडला असता, तर 22,500 वर आम्ही दोघंही राजी झालो असतो, असं मला आजही वाटतं.

माझा स्वतःचा हिशोब असा. वाकडला 22,500 आणि 5 टक्के वाढीने राहिलो असतो, तर दोन वर्षांत 5,53,500 रुपये गेले असते. पुनावळ्यात 6,04,800 गेले. दलाली 24,000, टेम्पो आणि बांधाबांध 14,000. शाळा लांब गेली, म्हणून बसचे महिन्याला 1,800, वीस महिन्यांचे 36,000. एकूण 1,25,300 चा फरक. पाण्याचं मी विचारलंच नव्हतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. नव्या इमारती टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. करारात मेंटेनन्स माझ्याकडे होता.

दुसऱ्या वर्षी 26,400 भरत असताना शेजारच्या दोन नव्या टॉवर्सचे ताबे सुरू झाले आणि तिथले फ्लॅट 23,000 ला जाऊ लागले. साथीच्या काळात, सप्टेंबर 2020 ते मार्च 2021 दरम्यान, राज्याने मुद्रांक शुल्कात सवलत दिली तेव्हा घरांची खरेदी जोरात झाली होती. त्या सुमारास बांधकाम सुरू असलेले प्रकल्प पुढच्या तीन-चार वर्षांत पुरे होत गेले. कुठल्या भागात किती ताबे येऊ घातले आहेत, हे महारेराच्या नोंदींत इमारतवार दिसतं. लॉक-इनवर सही करण्याआधी ते कोणीही बघू शकतं. मी मुदत अडकल्यावर बघितलं. निघताना डिपॉझिटमधले 22,000 रंगकामाचे म्हणून कापले गेले. भिंती आधीच तशा होत्या, पण राहायला आलो त्या दिवशी मी एकही फोटो काढला नव्हता.

आता कोणी भाड्याचं घर शोधत माझ्याकडे आलं, की मी त्याला आधी कराराच्या शेवटच्या तारखेबद्दल विचारतो. बोलणी त्या तारखेच्या दोन महिने आधी सुरू झाली पाहिजेत. तीन आठवडे हातात असलेला माणूस एजंटच्या हातात असतो. जाण्याआधी इंडेक्स टूमधले त्याच इमारतीतले सहा महिन्यांतले दोन-तीन आकडे कागदावर असावेत. वाढ तोंडी ठरवू नये, आणि टक्क्यांसोबत प्रत्येक वर्षाचा रुपयांतला आकडाही छापून घ्यावा. लॉक-इन असेल तर दोघांना सारखं. रंगकाम, टँकर, मेंटेनन्स कोणाकडे, ते लिहिलेलं. आणि मालक सोसायटीचं जास्तीचं शुल्क भाडेकरूवर टाकत असतील तर हे ठाऊक असावं की 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. घरमालक शत्रू नसतो. माझ्या अनुभवात, कागद समोर असला की तो बहुतेकदा ऐकतो.

मे 2025 मध्ये आम्ही पुन्हा वाकडला आलो, मुलीच्या शाळेजवळ. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच नव्या मालकांकडे गेलो, सोबत त्याच आवारातल्या तीन करारांचे आकडे होते. त्यांनी 25,000 सांगितले होते. बोलणी 22,000 वर, तीन वर्षांसाठी, 5 टक्के वाढीवर ठरली. डिपॉझिट 66,000. छत्तीस महिन्यांचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून 3,130 रुपये लागले. हेच तीन वेळा अकरा-अकरा महिन्यांनी केलं असतं तर 4,950 च्या आसपास गेले असते, शिवाय दर वेळी करणावळ वेगळी आणि तीन महिने कमीच. सामान आत येण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीचा फोटो काढून मालकांना पाठवला.

आईने चार वर्षांत दोनदा आपली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सोडली होती. या वेळी तिने एक खोकं तसंच माळ्यावर ठेवायला काढलं आणि विचारलं, "इथे कधीपर्यंत आहोत?" मी करार आणून तिला पान दाखवलं. 30 एप्रिल 2028. तिने चष्मा लावून तारीख वाचली आणि खोकं उघडायला घेतलं.